रातांब्याच्या सालीतला हायड्रोजन

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालेला रस्ता गोव्यात उतरण्याआधी कणकुंबीला लागतो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम, जवळच भीमगडचं अभयारण्य, पलीकडे म्हादईचं खोरं आणि पावसाळ्याचे चार महिने नुसता धो धो पाऊस. तालुका खानापूर, राज्य कर्नाटक, घरातली भाषा मराठी. एरवी हा मुलूख बातमीत येतो तो सीमाप्रश्नामुळे, नाहीतर कळसा-भांडुऱ्याच्या पाण्यामुळे. पण सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या रानात रातांबा, म्हणजे कोकम, होतो, आणि त्याच्या सालीवर गेली पंचवीसएक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांतून जे चाललं आहे त्याची बातमी इकडे पोहोचते ती फक्त बाटलीवरच्या लेबलातून. ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंट’ एवढे दोनच शब्द. अलीकडे त्यांच्या जोडीला तिसरा दावा ऐकू येतो: हे आता संगणकानेही सिद्ध केलं आहे.

संगणकाने तसं काही सिद्ध केलेलं नाही. त्याने जे सांगितलं आहे ते लेबलावर मावणारं नाही आणि लेबलापेक्षा कितीतरी रंजक आहे.

आधी साल पाहू. रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यात आणि आमसुलाचं काम पाऊस लागायच्या आत उरकावं लागतं. फळ चिरून गरासकट बिया वेगळ्या काढतात, त्यांच्यावर मीठ घालतात, सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात पसरतात. वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा झालं की तांबडीजर्द साल काळपट, चिवट आणि हाताला चिकट लागू लागते. मध्येच अवकाळीची एक सर आली तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. बिया वाया जात नाहीत. त्या कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल थिजवतात, त्याचं मुठेल होतं आणि ते हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लागतं. या सगळ्या खटाटोपात सालीत जे टिकून राहतं त्यात तीन पदार्थांची नावं रसायनतज्ज्ञ घेतात. आंबटपणा देणारं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, लाल रंग देणारी अँथोसायनिनं आणि गार्सिनॉल नावाचा पिवळा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा रेणू. अँटिऑक्सिडंट म्हणून जो गाजावाजा होतो तो मुख्यतः शेवटच्या दोघांचा.

आता ही अँटिऑक्सिडंटं ज्यांच्याशी झुंजतात असं म्हणतात ती मुक्त मूलकं, म्हणजे फ्री रॅडिकल्स. रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीजोडीने राहतात. मूलकात एक इलेक्ट्रॉन एकटा उरलेला असतो आणि जोडीदार मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाही. मोझेस गोंबर्ग यांनी १९००मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात असं पहिलं टिकाऊ मूलक बनवलं, तेव्हा कार्बनचं असलं रूप असू शकतं यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. पुढे १९५६मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापर या मूलकांवर फोडलं आणि रसायनशास्त्रातला हा विषय हळूहळू औषधांच्या दुकानात जाऊन पोहोचला.

खरी अडचण आहे ती मूलक दिसण्याची. पेशीत तयार झालेलं हायड्रॉक्सिल मूलक सेकंदाच्या अब्जांश भागात शेजारच्या कशाशी तरी भिडून संपतं. त्याला पकडायचं तर वेगवान उपकरण हवं, नाहीतर त्याच्याशी भिडून स्वतःचा रंग बदलणारा रेणू हवा. बहुतेक प्रयोगशाळा तिसरी, सोपी वाट धरतात. त्या डीपीपीएच नावाचं तयार मूलक बाटलीतून काढतात. हे मूलक इतकं सुस्त की महिनोन्महिने टिकतं. मिथेनॉलमध्ये त्याचं द्रावण गडद जांभळं दिसतं. त्यात आमसुलाचा अर्क टाकला की जांभळा रंग ओसरून पिवळसर होतो, आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण किती घटलं ते यंत्र सांगतं. १९५८मध्ये ब्लॉइस यांनी ही रीत मांडली. ती स्वस्त आहे, अर्ध्या तासात उरकते आणि एमएस्सीच्या प्रबंधाला पुरते. म्हणूनच आपल्याकडे क्वचितच एखादी वनस्पती डीपीपीएचच्या तावडीतून सुटली असेल.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोकमाकडे जरा अधिक गांभीर्याने पाहिलं. तिथल्या गटाने २००६मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये कोकम आणि कोकम सरबत यांच्यावरचं काम छापलं. त्यातली चांगली गोष्ट अशी की स्वयंपाकात वापरतात तसा साधा पाण्यातला अर्क, घरगुती औषधाला करतात तसा उकळलेला काढा आणि सरबत अशी माणसं खरोखर घेतात ती रूपं तपासली होती आणि एकाऐवजी अनेक कसोट्या लावल्या होत्या. कोकमात अँटिऑक्सिडंट क्रिया आहे हे त्यातून पुढे आलं. कोणता रेणू, कोणत्या जागेवरून आणि कोणत्या वाटेने ती करतो, हा पुढचा प्रश्न. गणनात्मक रसायनशास्त्र कामाला येतं ते इथे.

त्याचं मूळ सूत्र सांगायला अवघड नाही. फिनॉल वर्गातला रेणू मूलकाला हायड्रोजनचा अणू देऊन टाकतो. मूलक शांत होतं, देणारा स्वतः मूलक बनतो. पण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन कार्बनच्या सबंध कडीवर पसरलेला असल्याने तो उपद्रव करत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की हा हायड्रोजन किती घट्ट बसला आहे. तो बंध तोडायला लागणारी ऊर्जा संगणकावर काढता येते. साध्या फिनॉलसाठी ती मोलमागे ८७ किलोकॅलरींच्या आसपास येते आणि ई जीवनसत्त्वासाठी ७७-७८. या दहा किलोकॅलरींच्या फरकावर ई जीवनसत्त्वाची सगळी प्रतिष्ठा उभी आहे. हे हिशोब ज्या पद्धतीने होतात त्या डेन्सिटी फंक्शनल थिअरीचा, म्हणजे डीएफटीचा, पाया होहेनबर्ग, कोन आणि शाम यांनी १९६४-६५मध्ये घातला आणि १९९८चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन यांना जॉन पोपल यांच्यासोबत मिळालं. आज हे काम चांगल्या डेस्कटॉपवर होतं. तिथेच मोह होतो: दहा रेणू घ्या, दहा आकडे काढा, सर्वांत लहान आकड्याच्या रेणूला पहिला नंबर द्या आणि निबंध पाठवून मोकळे व्हा.

या मोहाचं काय होतं हे हळदीने दाखवून दिलं आहे, आणि त्या गोष्टीचा एक मोठा भाग ट्रॉम्बेत, भाभा केंद्रातच घडला.

हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूला दोन टोकांना दोन फिनॉल आहेत आणि मध्ये एक लवचिक डायकीटोनचा पूल आहे. १९९९मध्ये योव्हानोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात म्हटलं की हायड्रोजन सुटतो तो मधल्या पुलावरच्या कार्बनवरून. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या बार्कले यांच्या गटाने ते खोडून काढलं; त्यांच्या मते हे टोकाच्या फिनॉलचंच काम होतं. २००२मध्ये चिनी संशोधकांनी डीएफटीचं गणित मांडून कौल फिनॉलच्या पारड्यात टाकला. २००३मध्ये भाभा केंद्राच्या इंदिरा प्रियदर्शिनी आणि सहकाऱ्यांनी फार साधी युक्ती केली. त्यांनी कर्क्युमिनचा जुळा भाऊ घेतला, फक्त त्याच्या दोन्ही फिनॉलांची तोंडं मिथिल गटाने बंद केलेली. मधला पूल जसाच्या तसा. पुलावरचा हायड्रोजन कर्ता असेल तर या भावानेही तेवढंच काम करायला हवं होतं. केलं नाही. समान प्रमाणात घेतल्यावर मेदाचं ऑक्सिडीकरण कर्क्युमिनने ८२ टक्के रोखलं, तर तोंडं बंद केलेल्या रेणूने २४ टक्के. डीपीपीएचशी भिडण्याचा वेग तर सुमारे १८०० पटींनी घसरला.

भांडण मिटलं असं कुणालाही वाटेल. ते मिटलं २००४मध्ये, लिट्विनिएन्को आणि इंगोल्ड यांच्या निबंधाने, आणि मिटलं ते वेगळ्याच बाजूने. त्यांनी दाखवलं की उत्तर द्रावकावर अवलंबून आहे. मिथेनॉलसारख्या द्रावकात कर्क्युमिन आधी मधल्या पुलावरचा प्रोटॉन सोडून देतं आणि मग त्या ऋणभारित रूपातून इलेक्ट्रॉन झटकन मूलकाकडे जातो. द्रावणात थोडं आम्ल घातलं की ही वाट बंद होते आणि मग टोकाचा फिनॉल सावकाश आपला हायड्रोजन देतो. म्हणजे पूल आणि टोक दोघांनाही काम होतं. कुणाला कधी, ते भोवतालच्या द्रवाने ठरवलं. निर्वात पोकळीतल्या एकट्या रेणूवर केलेलं बंध-ऊर्जेचं गणित चुकलेलं नव्हतं. त्याने फक्त असा प्रश्न सोडवला होता जो परीक्षानळीने विचारलाच नव्हता.

हा इतिहास विसरून आजही नव्या नव्या वनस्पतींच्या रेणूंचे तक्ते निघत असतात. निर्वातातल्या रेणूचा आकडा, त्याखाली एक ओळीचा निष्कर्ष आणि शेवटी ‘औषधी उपयोगाची मोठी शक्यता’. गणनात्मक रसायनशास्त्राची ही बदनामीच म्हणायची.

आता गार्सिनॉलकडे येऊ. त्याचा रेणू कर्क्युमिनचाच थोरला, बोजड नातेवाईक म्हणावा असा आहे. एका टोकाला शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेली कडी, मध्ये डायकीटोन, आणि भोवती मेदाळ साखळ्यांचे झुबके. सूत्र सी-३८, एच-५०, ओ-६. म्हणजे ९४ अणू आणि ३२६ इलेक्ट्रॉन. कर्क्युमिनचे ४७ अणू आणि १९४ इलेक्ट्रॉन, क जीवनसत्त्वाचे २० अणू आणि ९२ इलेक्ट्रॉन. हे आकडे का मोजायचे? कारण सर्वांत विश्वासार्ह समजल्या जाणाऱ्या पद्धतीचा खर्च रेणूच्या आकाराच्या सातव्या घाताने वाढतो: आकार दुप्पट, तर वेळ १२८ पट. क जीवनसत्त्वाला जे गणित रात्रीत उरकतं ते गार्सिनॉलला महिन्यांत आटोपत नाही. म्हणून लोक स्वस्त पद्धत घेतात, आणि बी-थ्री-एलवायपी नावाची फार लाडकी स्वस्त पद्धत हे बंध प्रत्यक्षापेक्षा कमकुवत दाखवते, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. दोन रेणूंची तुलना करताना ही चूक बरीचशी कटून जाते. पण एकट्या रेणूचा आकडा घेऊन मिरवायचं म्हटलं तर ती अंगाशी येते.

या कोंडीवरचा एक देशी उतारा पुण्यात तयार झाला. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ ही पद्धत मांडली: मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करा, प्रत्येकाचं गणित वेगळं सोडवा आणि मग शिवण घालून सबंध रेणूचं उत्तर मिळवा. पुढे २००६मध्ये याच पद्धतीने रेणूच्या आतल्या आत असलेल्या हायड्रोजन बंधाची ताकद थेट काढता येऊ लागली. वरवर पाहता ही बारीकसारीक तांत्रिक गोष्ट वाटते. पण कर्क्युमिन आणि गार्सिनॉल या दोघांच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे. दोघांच्याही पोटात असा बंध आहे. शेजारच्या ऑक्सिजनने धरून ठेवलेला हायड्रोजन मूलकाला सहज मिळत नाही. उलट, हायड्रोजन गेल्यावर उरलेल्या मूलकाला शेजारच्या हायड्रॉक्सिलने आधार दिला तर तो आधीच सैल होतो. गार्सिनॉलच्या कडीवरचे दोन शेजारी हायड्रॉक्सिल महत्त्वाचे आहेत ते यासाठी. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या रसायनतज्ज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला गार्सिनॉलची पेरॉक्सिल मूलकांशी गाठ घालून दिली आणि नंतर उरलेले पदार्थ एकेक करून ओळखले. गणिताने सांगितलेली वाट खरी की खोटी, हे ताडून पाहायला असा पुरावा लागतो. नुसता जांभळ्याचा पिवळा झालेला रंग ते काम करत नाही.

समजा, सगळं नीट जुळलं. उत्तम पद्धत, योग्य द्रावक, प्रयोगाची साक्ष. तरी बाटलीवरचा दावा सिद्ध होतो का? इथे निपाणीकडे नजर वळवावी लागते. बेळगाव जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, विडीच्या तंबाखूवर वाढलेलं ते गाव. सिगारेटच्या एका झुरक्याच्या धुरात एकावर पंधरा शून्यं इतकी मूलकं मोजली गेली आहेत. मग धूम्रपान करणाऱ्याला अँटिऑक्सिडंट द्यावं, मूलकं मरतील, कर्करोग टळेल: इतका सरळ तर्क दुसरा नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो तपासला गेला. १९९४मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. बीटा कॅरोटीनचं परीक्षानळीतलं प्रगतिपुस्तक उत्तम होतं.

असं का व्हावं याची काही कारणं रसायनशास्त्रातच आहेत. हायड्रॉक्सिल मूलक जवळजवळ प्रत्येक सेंद्रिय रेणूशी शक्य तितक्या वेगाने भिडतं, साखरेशीही. म्हणून ‘हायड्रॉक्सिल मूलक नष्ट करतं’ या वाक्याला औषध म्हणून काडीचीही किंमत नाही. दुसरं, प्रमाण. तैवानमधल्या एका अभ्यासात रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन घेतलेल्यांच्या रक्तात ते सर्वाधिक भरलं ते लिटरला सरासरी पावणेदोन मायक्रोमोल. आपल्याच रक्तात युरिक आम्ल, तेही अँटिऑक्सिडंटच, तीनशेच्या आसपास असतं. आठ ग्रॅम म्हणजे भाजीतली चिमूटभर हळद नव्हे, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा गाजलेला तक्ता २०१२मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दिसत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. आपल्याकडच्या जाहिरातींनी ही बातमी वाचलेली दिसत नाही.

अतिरेकी दाव्याची किंमत फक्त गिऱ्हाईक मोजत नाही, रानही मोजतं. रातांब्याचा सख्खा भाऊबंद उप्पगे. त्याच्या सालीतल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाने वजन उतरतं, अशी हवा १९९०च्या दशकात परदेशात झाली आणि इकडे उत्तर कन्नडच्या जंगलात भाव चढले. दुसऱ्याच्या हाती लागायच्या आत म्हणून कच्ची फळं उतरवली गेली, फांद्या छाटल्या गेल्या. उप्पगे पिकते ऐन पावसात; तिला रातांब्यासारखं ऊन मिळत नाही, साली जाळावर वाळवाव्या लागतात, म्हणजे फळामागे लाकूडही गेलं. मग १९९८मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १३५ जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी छापून आली: गोळी आणि नुसती बनावट गोळी यांत लक्षणीय फरक नाही. यथावकाश भावही कोसळले. कणकुंबीच्या रातांब्यावर ही वेळ आलेली नाही. गार्सिनॉलची अशीच हवा झाली तर ती यायला फार वर्षं लागणार नाहीत.

मग या रेणूंचा उपयोग काय? संगणकाच्या गणिताचा खरा जोर दिसतो तो इथे. मूलक मारणारा म्हणून जो रेणू शरीरात कमी पडतो, तोच मूलक कुठे आहे ते सांगणारा म्हणून उपयोगी पडू शकतो. मारायला भरपूर रेणू लागतात. खबर द्यायला थोडेही पुरतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने २०१७मध्ये कर्क्युमिनच्या सांगाड्यावर ऑक्सलेट बसवून असा रेणू प्रसिद्ध केला. अल्झायमरचं प्रारूप असलेल्या उंदरांच्या मेंदूत ऑक्सिजनचे आक्रमक अवतार त्याला भेटले की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते आणि ती बाहेरून टिपता येते. यात बंध किती सैल हा एकच आकडा पुरत नाही. मूलक भिडण्याआधी रेणू कोणता रंग शोषतो, भिडल्यावर कोणता, पाण्यात काय होतं, मेदात काय होतं, इतर कशाने तो फसतो का, हे सगळं आधी मांडून पाहावं लागतं. शेकडो शक्य रेणूंतून बनवण्याजोगे पाच-सहा निवडायला संगणकाइतकं स्वस्त साधन नाही, आणि इथे त्याचा अंदाज चुकला तर नुकसान एका प्रयोगाचं होतं, कुणाच्या तब्येतीचं नाही.

कोकमाची लाल अँथोसायनिनं तर रंग बदलण्यात मुळातच तरबेज. आम्लात लाल, आम्ल कमी झालं की निळसर, उष्णता, प्रकाश आणि ऑक्सिजन लागला की फिकट. सरबतवाल्यांना हा दोष वाटतो. मूलकं शोधणाऱ्याला तो गुण वाटायला हवा.

बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, काही तासांवर पुणं आहे जिथे मोठे रेणू तुकड्यांनी सोडवण्याची परंपरा तीस वर्षं जुनी आहे, आणि रातांबा तर दाराशीच आहे. एवढी सामग्री हाताशी असलेल्या मुलखात आणखी एक डीपीपीएचचा प्रबंध निघावा, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. या भागातल्या विद्यार्थ्यांनी गार्सिनॉलचं गणित जरूर करावं. पण निर्वातातलं सोडून पाण्यातलं आणि मेदातलं करावं, कोणती पद्धत वापरली ते लपवू नये, आणि कोकमातला रेणू मूलकाची खबर कशी देईल हा प्रश्न आधी घ्यावा. आणि गिऱ्हाइकांनी आमसूल सोलकढीसाठी विकत घ्यावं. लेबलावरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण अजून तरी कुणी दाखवलेलं नाही.